गळ टाकायला निघालात? वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरं

गोड्या पाण्यातल्या मासेमारीवर या वेळी बरेच प्रश्न आलेत आणि गंमत म्हणजे एकट्याने जाणाऱ्यांचे फार कमी, बहुतेक सगळे मित्रांच्या ग्रुपने जाणाऱ्यांचे. सगळ्यांचे प्रश्न घेता आले नाहीत, एकसारखे होते ते एकत्र केलेत.

प्रश्न : आम्ही चौघं मित्र सुट्टी मिळाली की रॉड घेऊन तलावावर जातो. चौघं शेजारी शेजारी बसतो, चारा एकच, कणकेचा गोळा, आणि दिवसभर लागतात फक्त तिलापिया. पाण्यात बाकीचे मासे आहेत हे नक्की, जाळंवाल्यांना मिळतात ते डोळ्यांनी बघतो. मग आमच्याच गळाला का लागत नाहीत?

कारण तुम्ही चौघं आहात पण मासेमारी एकाच माणसाची चाललीय. एकच जागा, एकच खोली, एकच चारा, त्यामुळे त्या जागी त्या खोलीवर जो मासा जास्त आहे तोच चौघांना लागणार, दुसरं काय होणार.

पाणी म्हणजे मजल्यांची इमारत समजा. कटला वरच्या मजल्यावरचा, त्याचं तोंडच वरच्या बाजूला वळलेलं असतं, पृष्ठभागाजवळचे बारीक जीव तो गाळून खातो. रोहू मधल्या थरात फिरतो, खालच्या ओठाला झालरीसारखी किनार असते, वनस्पतीला चिकटलेलं शेवाळ वगैरे खातो. मृगळ तळाशी, त्याचं तोंड खालच्या बाजूला. मत्स्यपालनवाले या तिघांना एकाच तळ्यात सोडतात ते याच कारणाने, एकमेकांच्या खाण्यावर फारसे जात नाहीत. सायप्रिनस म्हणजे कॉमन कार्प, तोही तळाचाच, चिखल उकरत जातो आणि तो फिरतोय तिथून बुडबुडे वर येताना दिसतात, तोंडाशी चार छोट्या मिशा असतात त्यांनी चाचपत खातो. म्हणजे माशाचं तोंड बघितलं की गळ कुठल्या खोलीवर ठेवायचा ते निम्मं कळलं.

आता शिकारी मासे. मरळ गवताच्या, कमळाच्या पानांच्या कडेला दबा धरून असतो, त्याला कणकेशी देणंघेणं नाही, त्याला हलणारी गोष्ट पाहिजे, बेडकाच्या आकाराचं पृष्ठभागावर ओढायचं रबरी आमिष असलं की तो धडकतो. वाम दगडांच्या फटीत बसतो आणि अंधार पडल्यावर बाहेर येतो, त्याला गांडूळ. मिशावाले मासे, म्हणजे कॅटफिशची सगळी मंडळी, वासावर चालतात, यांच्या मिशांवर आणि अंगावरसुद्धा चव कळणाऱ्या गाठी असतात त्यामुळे गढूळ पाण्यात आणि रात्री त्यांना डोळ्यांची गरज पडत नाही. महसीर पाहिजे असेल तर तलाव सोडा आणि वाहत्या, खडकाळ, भरपूर ऑक्सिजनच्या पाण्यावर जा.

मग करायचं काय तर पाणी वाटून घ्यायचं. एकाने फ्लोट, म्हणजे पाण्यावर तरंगणारी खूण, लावून चारा वरच्या दोन-तीन फुटांत ठेवायचा, पीठ अगदी सैल मळायचं म्हणजे ते पाण्यात सुटून ढग होतो आणि कटला त्या ढगात येतो. दुसऱ्याने मधल्या खोलीवर. तिसऱ्याने शिसं लावून तळाशी, गांडूळ किंवा मक्याचे दाणे. चौथ्याने एका जागी बसायचंच नाही, काठाकाठाने चालत गवताच्या कडेने आमिष ओढत जायचं. दीडदोन तासांनी जागा बदला. आणि सगळ्यात महत्त्वाचं, कुणाला किती खोलीवर कशावर लागलं हे लगेच मोठ्याने सांगायचं, लपवायचं नाही. ग्रुपने जाण्याचा खरा फायदा हाच आहे की एका सकाळी चार खोल्या आणि चार चारे तपासून होतात, जे एकट्याला जमायला कितीतरी दिवस लागतील. अहो तेच सोडून सगळे एका ओळीत बसतात याचं मला फार वाईट वाटतं.

प्रश्न : आमच्यात कायम भांडण. एक मित्र म्हणतो तोंड बंद ठेवा, मासे पळतात. दुसरा म्हणतो माशांना कान नसतात, ऐकू येत नाही, आणि तो खुशाल स्पीकर लावतो. खरं कोण?

दोघंही अर्धे बरोबर. माशाला बाहेरून दिसणारे कान नसतात पण आत असतात, आणि रोहू, कटला, सायप्रिनस आणि कॅटफिश या गटाला तर फारच चांगलं ऐकू येतं कारण त्यांच्या पोटातल्या हवेच्या पिशवीपासून आतल्या कानापर्यंत छोट्या हाडांची एक साखळी असते, पिशवी थरथरली की ती थरथर थेट कानात जाते. शिवाय बहुतेक माशांच्या अंगावर दोन्ही बाजूंनी जी रेघ दिसते ती पाण्याची हालचाल ओळखायला असते.

पण हवेतला आवाज पाण्यात शिरत नाही, पृष्ठभागावर आपटून जवळजवळ सगळा परत जातो. त्यामुळे गप्पा मारा, हसा, काही बिघडत नाही. बिघडतं ते पाय आपटत चालण्याने, काठावर बॅग दाणकन टाकण्याने, होडीच्या तळाशी डबा घासण्याने, कारण ते कंपन जमिनीतून किंवा होडीतून सरळ पाण्यात जातं. स्पीकर जमिनीवर किंवा होडीत ठेवलात आणि त्याचा बास धडधडत असला तर तोही त्याच वाटेने जातो. मला विचाराल तर स्पीकर आणूच नका, माशांसाठी नाही तर पाण्यावर आलेल्या बाकीच्या माणसांसाठी आणि पक्ष्यांसाठी.

आणि आवाजापेक्षा जास्त नुकसान सावलीने होतं. पाण्याखालून माशाला वरचं जग एका गोल खिडकीतून दिसतं, डोक्यावरचं आणि उभं असलेलं स्पष्ट, अगदी काठालगत खाली बसलेलं फार कमी. म्हणून बसा. सूर्य पाठीमागे असेल तर तुमची सावली कुठे पडतेय ते आधी बघा, पाण्यावर पडत असेल तर जागा बदला.

प्रश्न : इतक्या वेगवेगळ्या माशांसाठी प्रत्येकाने चार-चार रॉड घ्यायचे का? बजेट नाही.

अजिबात नाही. सात फुटी मीडियम पॉवरचा, म्हणजे मध्यम ताठरपणाचा, एक स्पिनिंग रॉड आणि ३००० किंवा ४००० साइजचं रीळ यात गोड्या पाण्यातली बरीचशी कामं होतात. जड कामाचा एखादा रॉड ग्रुपमध्ये मिळून एकच ठेवा, मरळासाठी किंवा मोठ्या कॅटफिशसाठी, आणि तो आलटून पालटून वापरा.

पैसे रॉडवर कमी आणि दोरा-गळांवर जास्त घाला. साधा नायलॉनचा मोनो दोरा ताणला जातो त्यामुळे झटका सोसतो, फ्लोटला आणि कार्पला चांगला. ब्रेड, म्हणजे विणलेला दोरा, ताणत नाही, गवतातून मरळ ओढून काढायला तोच पाहिजे, पण तो दगडाला घासला की लगेच कातरतो म्हणून पुढे हातभर जाड मोनो जोडायचा. रिळाचा ड्रॅग, म्हणजे मासा ओढेल तेव्हा दोरा किती ताणावर सुटायला लागेल ते ठरवणारी पकड, दोऱ्याच्या ताकदीच्या पाव ते एक तृतीयांश ठेवायचा, बरेच जण तो कच्चून आवळतात आणि मग मोठा मासा पहिल्याच धावेत दोरा तोडून जातो आणि खापर फुटतं दोऱ्यावर.

चाऱ्याने मासेमारी करणाऱ्यांनी सर्कल हुक वापरून बघा, त्याचं टोक आत वळलेलं असतं म्हणून तो पोटात न अडकता बहुतेक वेळा जबड्याच्या कोपऱ्यात बसतो. फक्त त्याला झटका द्यायचा नाही, मासा निघाला की नुसतं रीळ फिरवत दोरा ताणायचा, जुनी सवय असलेल्यांना हे पहिल्यांदा फार जड जातं. आणि गळाच्या टोकाशी जो मागे वळलेला बारीक काटा असतो तो पक्कड घेऊन दाबून टाका. मासे थोडे सुटतील पण सोडायचा मासा क्षणात सोडता येतो, आणि मित्राच्या बोटात गेला तरी पटकन निघतो.

प्रश्न : काठाजवळ पाण्यात लालसर पिल्लांचा एक थवा गोल गोल फिरत होता, मित्र म्हणाला खाली मोठा मरळ असणार, तिथेच आमिष टाक. टाकलं की लागतो म्हणतात. टाकावं का?

टाकू नका. कळकळीने सांगतो, टाकू नका.

लागतो हे खरंय, पण तो भुकेने येत नाही, पिल्लांना वाचवायला येतो. मरळ हवेतून श्वास घेणारा मासा, त्याची पिल्लंसुद्धा सारखी वर येऊन हवा घेतात म्हणून तो थवा पृष्ठभागावर दिसतो, आणि खाली आईबाप राखण करत असतात. त्यांना उचललंत की बाकीचे मासे तो थवा थोड्याच वेळात संपवतात, म्हणजे एका माशाच्या बदल्यात शेकडो पिल्लं गेली. पकडून सोडून देऊ असं म्हणणारेही आहेत पण तेवढा वेळ राखण मोडतेच ना. थवा दिसला की पन्नास पावलं पुढे जा, पाणी काय कमी आहे का.

हेच पहिल्या पुराबद्दल. पाऊस सुरू झाला, ओढे वाहायला लागले की पोटात अंडी घेऊन मासे प्रवाहाविरुद्ध चढणीला लागतात, उथळ पाण्यात दाटी करतात, तेव्हा ते पकडणं सगळ्यात सोपं आणि सगळ्यात वाईट. रोहू, कटला, मृगळ तर साचलेल्या पाण्यात सहसा अंडी घालतच नाहीत, त्यांना पुराचं वाहतं पाणी लागतं. भारतात १९५७ मध्ये डॉ. हिरालाल चौधरी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पिट्युटरी या मेंदूखालच्या ग्रंथीचा अर्क टोचून या माशांना अंडी घालायला लावलं तेव्हापासून मत्स्यबीज तयार करता यायला लागलं, आज तळ्यांत रोहू दिसतो तो बहुतेक त्यामुळेच. पण नदीतल्या माशांना कोण टोचायला जाणार, त्यांचं सगळं त्या थोड्या दिवसांवरच असतं. अंड्याच्या हंगामात बऱ्याच ठिकाणी बंदी असते, ती नसली तरी स्वतःहून पाळा. आणि बाकी वर्षभरसुद्धा ज्याच्या ताब्यात पाणी आहे त्याची परवानगी घेतल्याशिवाय गळ टाकू नका.

प्रश्न : भल्या पहाटे पोचलो, तळ्यात सगळीकडे मासे तोंड वर काढून उघडझाप करत होते, वाटलं आज लॉटरी. एकही लागला नाही. का?

ते खात नव्हते, गुदमरत होते. हिरवंगार शेवाळी पाणी असलं की दिवसा त्यातल्या वनस्पती ऑक्सिजन तयार करतात पण रात्रभर त्याच वापरतात, त्यामुळे पहाटे अशा पाण्यात ऑक्सिजन सगळ्यात कमी असतो. मासे वर येऊन हवेला लागून असलेला थर ओढत असतात, त्यांना खाण्याची इच्छा नसते. अशा तळ्यावर ऊन पडून दोन तास झाले की प्रयत्न करा, नाहीतर त्या दिवशी त्यांना सोडूनच द्या. थंड पाण्यात ऑक्सिजन जास्त मावतो, २० अंशाला लिटरला साधारण ९ मिलिग्रॅम आणि ३० अंशाला साडेसातच, म्हणून कडक उन्हाळ्यात दमवून सोडलेला मासा पोहत गेला तरी नंतर मरू शकतो. उन्हाळ्यात जड दोऱ्याने लवकर बाहेर काढा आणि लवकर सोडा. मरळ आणि मागूर, शिंघी हे कॅटफिश, हे सगळे हवा घेणारे, त्यांना पाण्यातल्या ऑक्सिजनची एवढी पर्वा नसते, पहाटे त्याच तळ्यात हेच लागतात बघा.

प्रश्न : आमच्यात मोठा मासा कुणाचा यावर पैज असते. वजनकाटा गळाला अडकवून मासा लटकवला की म्हणतात मासा मरतो. मग मोजायचं कसं?

तोंडातून लटकवू नका हे बरोबर, मोठ्या माशाच्या जबड्याला आणि आतल्या अवयवांना त्याच्याच वजनाने इजा होते. टेपने मोजा. लांबी सेंटिमीटरमध्ये, तिला पोटाच्या सगळ्यात जाड जागेच्या घेराने दोनदा गुणा आणि २९,००० ने भागा, अंदाजे किलो येतात. ७० सेंमी लांब, ४५ सेंमी घेर, म्हणजे पावणेपाच-पाच किलो. रोहू-सायप्रिनससारख्या अंगाच्या माशांना हे जमतं, वामसारख्या लांबट माशाला नाही. मोजताना हात ओले, मासा ओल्या कापडावर आडवा, अंगावरचा बुळबुळीत थर पुसला जाऊ द्यायचा नाही कारण तोच त्याला रोगापासून वाचवतो. कल्ल्यात बोटं घालायची नाहीत. गळ खोल गिळला असेल तर ओढू नका, दोरा तोंडाजवळ कापा आणि सोडा. फोटो काढणाऱ्याने कॅमेरा आधी तयार ठेवायचा, मासा मग पाण्याबाहेर, दहा सेकंदात परत.

पण खरं सांगू का, मोठ्या माशाची पैज सोडाच. पैज जातींची लावा, एका दिवसात कुणी जास्त जातींचे मासे बघितले. मग चिमटीएवढा मासासुद्धा मोजला जातो, प्रत्येकजण नवीन खोली नवीन चारा करून बघतो, जागेवरून हलतो. जपानमध्ये तानागो नावाच्या अगदी बोटभर माशासाठी इवलेसे गळ घेऊन बसायची जुनी परंपरा आहे, आणि ते लोक त्यात पूर्ण रमतात. महसीर लागला तर मात्र कौतुक करून परतच, त्याच्या काही जाती संकटात आहेत, कावेरीतला कुबडवाला महसीर तर २०१८ पासून आययूसीएन या निसर्ग संवर्धनाच्या आंतरराष्ट्रीय संस्थेच्या अतिसंकटग्रस्त यादीत आहे.

प्रश्न : शिंघीचा काटा मित्राच्या हाताला लागला, हात खांद्यापर्यंत ठणकत होता. अशा वेळी काय करायचं?

शिंघीच्या छातीकडच्या पंखांच्या काट्यात विष असतं आणि ते उष्णतेने निकामी होतं. हात सोसवेल तेवढ्या गरम पाण्यात, साधारण ४५ अंशांपर्यंत, अर्धा ते दीड तास बुडवून ठेवायचा. पाणी किती गरम आहे ते दुसऱ्या, न दुखावलेल्या हाताने बघायचं, कारण दुखणाऱ्या हाताला चटका कळत नाही. बर्फ लावू नका, जखम चिरू नका, तोंडाने ओढू नका. काट्याचा तुकडा आत राहिला असेल, सूज वाढली, ताप आला, श्वासाला त्रास झाला तर ताबडतोब डॉक्टर, आणि धनुर्वाताचं इंजेक्शन झालेलं नसेल तर तेही. थर्मासमध्ये गरम पाणी घेऊन जायची सवय लावा, चहालाही होतं. बाकी कॅटफिशचेही काटे टोचतातच, पंख ताठ करून ते अडकवून ठेवतात, म्हणून पकडीने गळ काढा, मुठीत धरू नका.

प्रश्न : उरलेला जिवंत चारा आणि छोटे मासे घरी जाताना जवळच्या दुसऱ्या तळ्यात सोडतो. पुण्य नाही का ते?

भावना चांगली आहे पण परिणाम वाईट. एका पाण्यातला मासा दुसऱ्या पाण्यात गेला की त्याच्याबरोबर रोग, परजीवी सगळं जातं. आणि तिलापिया घ्या, मोझांबिक तिलापियाची मादी अंडी-पिल्लं तोंडात घेऊन सांभाळते त्यामुळे पिल्लं भरपूर वाचतात आणि एकदा शिरला की बाकीच्यांना जागा उरत नाही. आफ्रिकन मागूर तर त्याहून भयंकर, मिळेल ते खातो. म्हणून जिथलं तिथेच. जाळी, बूट, बादली दुसऱ्या पाण्यावर नेण्याआधी धुऊन पूर्ण वाळवा.

प्रश्न : आमच्यात दोघांना पोहता येत नाही. न्यायचं का त्यांना?

न्या की, पण लाइफ जॅकेट घालून, आणि पोहणाऱ्यांनीही होडीत घालायचंच. नदीत उभे राहून गळ टाकत असाल आणि वर धरण असेल तर पाणी कधीही सोडलं जाऊ शकतं. पाणी अचानक गढूळ झालं, पालापाचोळा वाहून यायला लागला, मघाशी कोरडा असलेला दगड ओला दिसला की सामान सोडून आधी वर या. जाताना एकाने तरी मागे नदीकडे तोंड करून उभं राहून सगळे आलेत का ते मोजायचं.

गडगडाट ऐकू आला की रॉड खाली, कार्बनच्या रॉडमधून वीज जाते, आणि शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास परत हातात घ्यायचा नाही. विजेच्या तारांखालून जाताना रॉडचे भाग सुटे करून, आडवा धरून न्या. आणि तुटलेला दोरा खिशात घालून घरी आणा, पक्ष्यांच्या पायात अडकतो तो.